जगदीश स्वामिनाथन आणि 'रूपंकर'चा वाद

श्यामला हिल्सच्या उतारावरचे भारत भवन आपण भोपाळकर बाहेरगावच्या पाहुण्यांना हमखास दाखवतो. तिथले 'रूपंकर' हे कला-संग्रहालय ज्यांनी उभे केले ते चित्रकार जगदीश स्वामिनाथन. त्यांच्या मांडणीने उठलेला वाद चाळीस वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही.

स्वामिनाथन यांचा जन्म २१ जून १९२८ रोजी सिमल्यात, एका तमिळ कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे काम केले आणि पत्रकारितेवर घर चालवले. चित्रकला ते दिल्लीत आणि काही काळ वॉर्सात शिकले. १९६२ साली भावनगरमधल्या एका घरी बारा कलावंतांचा गट स्थापन झाला. त्या घराच्या क्रमांकावरून त्याचे नाव 'ग्रुप १८९०' पडले. आपल्या अकोल्याचे अंबादास हेही या गटात होते. राजा रविवर्म्याचे हुबेहूब चित्रण, बंगाल शैलीचा स्वप्नाळूपणा आणि युरोपची नक्कल, हे तिन्ही रस्ते या गटाने नाकारले. १९६३ मध्ये दिल्लीत भरलेल्या त्यांच्या एकमेव प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुढे पक्षी, झाड आणि अधांतरी डोंगर यांच्या चित्रांनी स्वामिनाथन देशभर ओळखले जाऊ लागले.

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवन खुले झाले. त्याआधीच स्वामिनाथन यांनी तरुण चित्रकारांना मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पाठवले होते. पाटनगढ गावात एका भिंतीवरच्या चित्रामुळे जनगढ सिंह श्याम हा गोंड तरुण त्यांना सापडला. भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या झाबुआच्या भिल्ल भूरीबाईंनाही त्यांनीच चित्र काढायला लावले. भूरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

खरी ठिणगी पडली ती मांडणीमुळे. शहरातल्या नामवंतांची चित्रे आणि आदिवासींची चित्रे त्यांनी एकाच संग्रहालयात, समान मानाने ठेवली. जनगढसारख्यांचे काम नुसत्या जमातीच्या नावावर न खपवता ते करणाऱ्याच्या नावाने मांडले. आदिवासी कला म्हणजे जुन्या काळाचा अवशेष नव्हे, ती आजचीच कला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाहणाऱ्याची त्यामुळे पंचाईत झाली. एकाला कलावंत आणि दुसऱ्याला कारागीर कोणत्या मापाने म्हणायचे?

आक्षेपही हलके नव्हते. सणासुदीला भिंतीवर उमटणारे चित्र कागदावर आले की त्याचा देव आणि त्याचे घर सुटते, हा एक. काय निवडायचे हे शेवटी शहरातलाच चित्रकार ठरवतो, हा दुसरा. उतारवयात स्वामिनाथन यांच्या स्वतःच्या चित्रांत मातकट रंग आणि आदिवासी खुणा आल्या, तेव्हा कोणी कोणाकडून घेतले, हाही प्रश्न उभा राहिला.

जनगढ १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात पोहोचले. त्यांच्या मागोमाग गोंड चित्रकारांची एक पिढीच उभी राहिली. तिच्या शैलीला 'जनगढ कलम' म्हणतात. पण बाहेरच्या मागणीला पुरे पडण्याचा ताणही त्याबरोबर आला. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना जनगढ यांचा अकाली मृत्यू झाला, तेव्हा गावातल्या कलावंताला जगापुढे आणणाऱ्यांची जबाबदारी कुठवर, हा प्रश्न फार कडवट होऊन पुन्हा समोर आला.

तो पाहायला स्वामिनाथन नव्हते. १९९० मध्ये त्यांनी 'रूपंकर' सोडले आणि २५ एप्रिल १९९४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आक्षेप खरे धरले तरी एक गोष्ट उरतेच : आपल्या प्रदेशातल्या ज्या हातांना कोणी नावाने ओळखत नव्हते, त्यांची नावे आज भोपाळच्या घराघरांत माहीत आहेत. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा चित्राखालची पाटी वाचण्याआधी चित्र पाहा, आणि ते कोणाचे असेल याचा अंदाज बांधा. स्वामिनाथन यांचा प्रश्न तिथे अजून तसाच उभा आहे.