एमी जॉन्सन : इंधनाच्या हिशेबावर तोललेले आयुष्य

पावणे, प्रतिनिधी – नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली. उड्डाणापूर्वी इंधनाचा काटेकोर हिशेब होणे आज गृहीतच धरले जाते. हा हिशेब वैमानिकाला एकट्यानेच मांडावा लागे, त्या काळाची किंमत एमी जॉन्सन यांचे आयुष्य सांगते.

१ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल येथे मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन त्या लंडनमध्ये सॉलिसिटरच्या कार्यालयात नोकरीस लागल्या. १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा आणि पाठोपाठ विमान-दुरुस्तीचा परवाना मिळविला.

५ मे १९३० रोजी 'जेसन' नावाच्या जुन्या जिप्सी मॉथ विमानातून त्या एकट्याच ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या. जादा टाक्यांतील पेट्रोल उडता उडताच हातपंपाने वरच्या टाकीत चढवावे लागे. सहा दिवसांत कराची गाठून त्यांनी विक्रम केला. पुढील मुक्काम अलाहाबादचा होता; परंतु वाटेतच पेट्रोल संपत आले आणि झाशीच्या लष्करी परेड मैदानावर उतरावे लागले. त्यात विमानाच्या पंखाची मोडतोड झाली. दुरुस्ती करून त्या पुढे निघाल्या आणि २४ मे रोजी डार्विनला पोहोचल्या. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर एकटीने पार करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

जुलै १९३३ मध्ये पती जिम मॉलिसन यांच्यासमवेत त्यांनी वेल्सहून न्यूयॉर्ककडे उड्डाण केले. अटलांटिक ओलांडला, पण न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर असताना इंधन संपत आले. ब्रिजपोर्ट येथे रात्री उतरताना विमान कोसळले आणि दोघेही जखमी झाले.

महायुद्धात त्या विमाने पोहोचविणाऱ्या सहायक दलात दाखल झाल्या. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील तळाकडे त्या ऑक्सफर्ड जातीचे विमान नेत होत्या. दाट ढगांमुळे वाट चुकली. सुमारे दीड तासाचा प्रवास साडेतीन तासांवर गेला. अखेर त्यांनी हवाई छत्रीने उडी घेतली आणि त्या टेम्सच्या मुखाशी बर्फगार पाण्यात पडल्या. त्यांना वाचविण्यासाठी पाण्यात झेपावलेले नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. एमी यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. विमान स्वकीयांच्याच माऱ्यात सापडल्याचे काही जण मानतात. मात्र इंधन संपल्याची शक्यता अधिक मानली जाते.

लहान विमानानेही दिवसा उतरण्याच्या ठिकाणापलीकडे किमान ३० मिनिटांचे इंधन राखावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आज आहे. झाशीत मैदान मिळाले, ब्रिजपोर्टला धावपट्टी दिसली; टेम्सवर मात्र खाली केवळ पाणी होते.