नोकरभरतीने घेतलेला बळी

निवडणुकीत सत्ता बदलली की टपाल कचेरीतल्या कारकुनापासून जकात अधिकाऱ्यापर्यंत सारेच बदलायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत लपूनछपून चालत नव्हती. तिला राजमान्यता होती. अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हापासून ती फोफावली. विजयी पक्षाने सरकारी जागा आपल्या कार्यकर्त्यांत वाटायच्या आणि त्या कार्यकर्त्यांनी पगारातला हिस्सा पक्षनिधीत भरायचा, असा हा व्यवहार. त्याचा शेवट सुरू झाला तो एका अध्यक्षाच्या मृत्यूने. जेम्स अब्राम गारफिल्ड हे त्यांचे नाव.

ओहायो राज्यातील ऑरेंज या वस्तीत, लाकडी ओंडक्यांच्या घरात १९ नोव्हेंबर १८३१ रोजी गारफिल्ड यांचा जन्म झाला. ते दीड वर्षाचे असताना वडील वारले; आईने शेती सांभाळून मुले वाढविली. सोळाव्या वर्षी हा मुलगा कालव्यातील नावा ओढणारी जनावरे हाकीत होता. पुढे शिकवण्या, सुतारकाम, शाळेची झाडलोट अशी कामे करीत त्याने शिक्षण घेतले आणि १८५६ मध्ये विल्यम्स कॉलेजची पदवी मिळविली. हायरम येथील ज्या संस्थेत त्याने झाडू मारला, तिचाच तो विशीत असताना प्रमुख झाला. अभ्यासाची ही ओढ राजकारणातही सुटली नाही. पायथागोरसच्या सिद्धान्ताची समलंब चौकोनाच्या आधारे केलेली त्यांची सिद्धता १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते.

यादवी युद्धाला १८६१ मध्ये तोंड फुटले आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले गारफिल्ड ४२ व्या ओहायो पलटणीचे नेतृत्व घेऊन रणांगणावर गेले. लष्करी शिक्षण त्यांनी घेतले होते ते पुस्तकांतून. तरीही जानेवारी १८६२ मध्ये केंटकीतील मिडल क्रीक येथे त्यांनी बंडखोर सैन्याला माघार घ्यायला लावली. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत ते जनरल रोझक्रान्स यांचे प्रमुख सहायक होते. सेनापती मागे हटले असताना गारफिल्ड मात्र धोक्यातून घोडा हाकीत टिच्चून लढणाऱ्या जनरल थॉमस यांच्या फौजेपर्यंत पोचले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी गणवेश उतरविला आणि प्रतिनिधिगृहात प्रवेश केला. तेथे ते सतरा वर्षे राहिले.

या कारकिर्दीला डाग नव्हता असे नाही. क्रेडिट मोबिलियर या रेल्वे-घोटाळ्यात ३२९ डॉलर घेतल्याचा ठपका त्यांच्यावर आला. त्यांनी तो नाकारला आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १८८० च्या रिपब्लिकन अधिवेशनात ते गेले होते जॉन शेरमन यांची उमेदवारी मांडायला. माजी अध्यक्ष ग्रँट आणि जेम्स ब्लेन यांचे गट एकमेकांना हटेनात, तेव्हा मतदानाच्या ३६ व्या फेरीत गारफिल्ड यांच्याच गळ्यात माळ पडली. निवडणुकीत लोकमतांचे अंतर दहा हजारांहूनही कमी होते.

४ मार्च १८८१ रोजी सूत्रे हाती घेतली आणि इच्छुकांची रीघ लागली. राज्यकारभाराचा वेळ अर्जदारांच्या भेटीगाठींत जाऊ लागला. खरी झुंज जुंपली ती न्यूयॉर्कच्या जकात प्रमुखाच्या जागेवरून. हे बंदर म्हणजे पक्षनिधीची खाण आणि सिनेटर रॉस्को काँकलिंग यांची जहागीर. गारफिल्ड यांनी तेथे काँकलिंग यांचे विरोधक विल्यम रॉबर्टसन यांना नेमले. काँकलिंग यांनी रागाने राजीनामा दिला. राज्याच्या विधिमंडळाने त्यांना परत पाठविलेच नाही. नेमणुकीचा अधिकार अध्यक्षाचा की प्रांतिक सुभेदारांचा, या प्रश्नाचा निकाल लागला. मात्र गारफिल्ड स्वतःही पक्षाची गणिते सांभाळूनच जागा वाटत होते, हे विसरता येत नाही.

याच अर्जदारांच्या गर्दीत चार्ल्स गिटो हा मनाचा तोल गेलेला इसम होता. प्रचारात केलेल्या क्षुल्लक कामाच्या बदल्यात त्याला पॅरिसची वकिलात हवी होती. नकार मिळाला. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्याने अध्यक्षांवर गोळ्या झाडल्या. त्यांतली एक शरीरात राहिली. जंतुनाशनाचे शास्त्र युरोपात रुजले असताना डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घातली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू शोधणारे यंत्र आणले. पण शोध घेतला गेला उजव्या बाजूला, आणि गोळी होती डावीकडे. जंतुसंसर्गाने पोखरलेले गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. वय अवघे एकोणपन्नास.

त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे काँकलिंग यांच्याच तालमीतले, न्यूयॉर्कचे माजी जकात प्रमुख. १८७८ मध्ये अध्यक्ष हेज यांनी त्यांना त्या पदावरून दूर केले होते. त्याच आर्थर यांनी १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडल्टन कायद्यावर सही केली. स्पर्धा परीक्षेने भरती, पक्षनिधीसाठी सक्तीच्या वसुलीला बंदी आणि देखरेखीला आयोग, ही त्याची त्रिसूत्री. मसुदा करणारे डॉर्मन ईटन यांनी ब्रिटिश सनदी सेवेचा अभ्यास केला होता. आणि त्या सेवेच्या सुधारणेचे एक शिल्पकार चार्ल्स ट्रेव्हेलियन यांची उमेदवारी हिंदुस्थानातील कंपनी सरकारच्या चाकरीत गेली होती. हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा १८५५ पासूनच लंडनमध्ये घेतली जात होती.

प्रारंभी हा कायदा संघराज्याच्या सुमारे दहा टक्के नोकऱ्यांनाच लागू होता. पुढे प्रत्येक मावळत्या अध्यक्षाने आपली माणसे टिकावीत म्हणून त्याची कक्षा वाढविली. म्हणजे सुधारणेचा विस्तारही बऱ्याच अंशी स्वार्थानेच झाला. गारफिल्ड यांना अध्यक्षपदाचे जेमतेम साडेसहा महिने लाभले, त्यातले अडीच अंथरुणावर गेले. त्यांच्या हयातीत काँग्रेसला जे जमले नाही, ते त्यांच्या मृत्यूनंतर सोळा महिन्यांत झाले. गुणवत्तेने मिळालेली खुर्ची आज स्वाभाविक वाटते. तिच्यामागे एवढी किंमत उभी आहे.