कमरेवरचा काळा पट्टा आणि डॉ. वसंत खानोलकर



भारतीय शास्त्रज्ञांची नावं विचारली, की मुलं रामन, भाभा अशी नावं पटापट सांगतात. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव मात्र क्वचितच ऐकू येतं. भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घालणाऱ्या या डॉक्टरांची ओळख आज करून घेऊया.

खानोलकरांचा जन्म १८९५ साली क्वेट्टा येथे झाला. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीराच्या पेशींत काय बदल होतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचं शास्त्र. पुढे मुंबईत त्यांनी हाच विषय शिकवला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

पण नुसत्या पेशी पाहून ते थांबले नाहीत. रुग्ण तंबाखू कशी घेतो, कपडे कसे नेसतो, याचाही त्यांनी शोध घेतला. १९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलं, की कातडी सतत घासली जाते. आधी काळा पट्टा उमटतो, कातडी जाड होते, खपल्या धरतात. क्वचित तिथेच न भरणारी जखम होते आणि तिचा कर्करोग बनतो. यालाच 'धोतर कॅन्सर' म्हणतात. काश्मिरात पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांनाही असाच त्वचेचा कर्करोग होतो.

आता आपल्या खारबावकडे वळू. धोतर कमी झालं, पण परकराची नाडी आहेच ना? साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही हा आजार आढळला आहे. म्हणून घरात एवढं कराच :

• आजीच्या, आईच्या कमरेवरचा पट्टा उजेडात नीट बघा. नाडी सैल बांधा, जागा बदला किंवा रुंद पट्टी वापरा.
• तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्याने झालेली जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ दिसला तर डॉक्टरांना दाखवा.
• भातलावणीत अनवाणी राबणाऱ्यांचे तळपाय आणि नखंही तपासा. तिथला नवा काळा डाग चिखलाचा समजून सोडू नका.

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला असा डाग बहुधा दुखत नाही. डॉक्टर कातडीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. लवकर सापडला, तर त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.

खानोलकर पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

वर्गात हा पाठ घेतलात, तर मुलांना गृहपाठ एकच द्या : आज घरी आजीला विचारायचं, नाडी काचते का गं?