प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (इ.स. १९१५ - इ.स. १९८२) हे भारतीय हृदय व रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, संशोधक आणि अध्यापक होते. मुंबईतील परळ येथील महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला संलग्न असलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी होती. भारतातील पहिले मानवी हृदय-प्रतिरोपण त्यांनी १९६८ मध्ये केले. बायपास शस्त्रक्रिया रूढ होण्यापूर्वी, हृदयाच्या स्नायूला नव्या मार्गाने रक्त पुरवण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न हृदयशल्यचिकित्सेच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

जीवन व कारकीर्द

सेन यांचा जन्म बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेत पुढील प्रशिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी के.ई.एम. रुग्णालयात हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग नावारूपास आणला. शस्त्रक्रियागृहाच्या जोडीला प्राण्यांवरील प्रयोगांची परंपरा त्यांनी तेथे रुजवली. पुढे हृदयशल्यचिकित्सक म्हणून ख्याती मिळवलेले गुरुकुमार परुळकर आणि भारतातील दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक तेहमतन उडवाडिया हे त्यांचे सहकारी होते.

हृत्स्नायूच्या रक्तपुरवठ्यावरील संशोधन

हृदयाच्या पोकळ्या रक्ताने भरलेल्या असल्या, तरी मानवी हृदयाच्या स्नायूला मुख्यतः बाहेरून येणाऱ्या हृद्-रोहिणींकडूनच रक्त मिळते. या रोहिणी (धमन्या) अरुंद झाल्या की छातीत कळा येतात आणि त्या बंद झाल्यास स्नायूचा भाग मृत होतो. सर्पादी सरीसृपांच्या हृदयात मात्र पोकळीतील रक्त स्नायूंमधील बारीक फटींतून थेट स्नायूपर्यंत पोहोचते. सेन यांनी ही रचना आदर्श मानली. सुईने डाव्या निलयाच्या भित्तीला अनेक छिद्रे पाडल्यास पोकळीतील रक्त स्नायूत शिरेल, असा त्यांचा तर्क होता. या पद्धतीत सूक्ष्म रोहिणींना टाके घालण्याची गरज नव्हती. सेन, उडवाडिया, परुळकर आणि विकृतिशास्त्रज्ञ किणरे यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९६५ मध्ये अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या काळी या प्रश्नावर जगभर निरनिराळे उपाय चाचपले जात होते. कॅनडातील आर्थर व्हाइनबर्ग छातीच्या आतील बाजूची अंतःस्तन रोहिणी हृदयाच्या स्नायूत रोवत असत. लेनिनग्राड येथील वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये हीच रोहिणी थेट हृद्-रोहिणीला टाक्यांनी जोडली. अमेरिकेत रेने फावालोरो यांनी १९६७ पासून पायातील नीलेचा उपयोग करून बायपास शस्त्रक्रिया प्रचारात आणली.

पद्धतीचे मूल्यमापन

सुईने पाडलेली छिद्रे व्रणऊतीमुळे लवकर बुजतात, असे पुढील अभ्यासांत दिसून आले आणि सेन यांची पद्धत मागे पडली. १९८० च्या दशकात महमूद मिरहोसेनी यांनी सुईऐवजी लेसर वापरून तीच कल्पना पुन्हा मांडली. त्या उपचाराने काही रुग्णांच्या छातीतील कळा कमी झाल्या, परंतु आयुष्य वाढते असे निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

दीर्घकाळ टिकणारा उपाय रोहिणीच्या कलमातून मिळाला. पायातील नीलेची कलमे दहा वर्षांत मोठ्या प्रमाणात अरुंद होतात किंवा बंद पडतात. डावी अंतःस्तन रोहिणी मात्र बहुसंख्य रुग्णांत तेवढ्या काळानंतरही खुली राहते. हृदयाच्या पुढील बाजूच्या मुख्य रोहिणीला ती जोडलेले रुग्ण अधिक काळ जगतात, असे क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९८६ मधील अभ्यासात आढळले. मात्र उजवी अंतःस्तन रोहिणीही वापरल्याने आणखी लाभ होतो का, हे तपासणाऱ्या ३,१०२ रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनंतर दोन्ही गटांच्या मृत्यूदरात लक्षणीय फरक दिसला नाही. भारतासह सात देशांत झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

हृदय-प्रतिरोपण

ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउन येथे जगातील पहिले मानवी हृदय-प्रतिरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी के.ई.एम. रुग्णालयात हीच शस्त्रक्रिया केली. नवे हृदय धडधडू लागले, परंतु रुग्ण सुमारे तीन तासच जगला. सप्टेंबर १९६८ मधील दुसरा रुग्ण सुमारे चौदा तास जगला. मेंदूमृत्यूला तेव्हा भारतात कायदेशीर मान्यता नव्हती; ती १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्याने मिळाली. त्याच वर्षी दिल्लीत पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदय-प्रतिरोपण केले.

अन्य कार्य व सन्मान

महारोहिणी व तिच्या शाखांच्या भित्तींना सूज येऊन त्या अरुंद होणाऱ्या विकाराचा सेन यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. हा विकार प्रामुख्याने तरुण वयात आढळतो. १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा व सहकाऱ्यांचा प्रबंधग्रंथ १९७३ मध्ये प्रकाशित झाला. भारत सरकारने त्यांना १९६९ मध्ये पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.