डॉ. मेघनाद साहा : पुरावा मागणारा खगोलशास्त्रज्ञ

इस्लामपुरात आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. महास्फोटाचा सिद्धांत तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला होता, असा दावा करणारी पोस्ट त्याला आली होती. त्याच आठवड्यात त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर दुसरी पोस्ट फिरत होती. तिच्यात अणू, विमान, ग्रहगती असे सगळे काही वेदांत आधीच लिहून ठेवल्याचे म्हटले होते. यातले खरे कोणते, असे त्याने विचारले.

त्याला थेट उत्तर न देता मी एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे मांडतो. १६ फेब्रुवारी हा त्या माणसाचा स्मृतिदिन.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ चा, ढाक्याजवळच्या शेवराताली या खेड्यातला. आज हा भाग बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते आणि घरात आठ मुले. पाचव्या मुलाने चार अक्षरे शिकून दुकानावर बसावे, एवढीच अपेक्षा. साहा कुटुंबाची जात अस्पृश्य गणली जात नव्हती, पण बंगालच्या उच्चवर्णीयांच्या लेखी ती खालचीच होती. हा फरक मुद्दाम सांगतो, कारण साहांना दलित किंवा बौद्ध म्हणून आपल्या यादीत घालणे खरे होणार नाही. ते आंबेडकरी चळवळीतले नव्हते. तरीही त्यांचे आयुष्य आपण वाचायला हवे.

गावात फक्त प्राथमिक शाळा होती. पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर शिमुलियात. थोरल्या भावाने खटपट करून तिथल्या एका डॉक्टरांच्या घरी मेघनादची सोय लावली. राहणे-जेवण फुकट, त्या बदल्यात मुलाने आपली ताटवाटी स्वतः घासायची आणि गाय सांभाळायची. एवढे करून हा मुलगा परीक्षेत ढाका जिल्ह्यात पहिला आला, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०५ साली तो ढाक्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. गव्हर्नरच्या शाळाभेटीचा मुलांनी निषेध केला, त्यात मेघनादही होता. शाळेतून नाव कमी झाले, शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेने त्याला घेतले आणि १९०९ च्या प्रवेश परीक्षेत तो पूर्व बंगालमधून पहिला आला.

१९११ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. सत्येंद्रनाथ बोस वर्गात, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय शिकवायला. यापेक्षा चांगले कॉलेज त्या काळी देशात शोधून सापडले नसते. पण वसतिगृहात वेगळेच शिक्षण वाट पाहत होते. काही सवर्ण मुलांनी त्यांच्यासोबत एका जेवणघरात बसायला हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या दिवशी त्यांना इतरांबरोबर फुले वाहू दिली नाहीत. विद्येच्या देवतेपुढे जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलाची जात आडवी आली. आपल्यापैकी ज्यांनी वसतिगृहाचे दिवस काढले आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

एम.एस्सी. झाल्यावर घर चालवण्यासाठी त्यांना सरकारी वित्त खात्याच्या परीक्षेला बसायचे होते. क्रांतिकारकांशी ओळखी असल्याच्या संशयावरून परवानगी मिळाली नाही. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून शिकवण्या करत त्यांनी दिवस काढले. १९१६ मध्ये आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात घेतले.

मग आले १९१९ साल. सूर्यग्रहणाच्या वेळी घेतलेल्या छायाचित्रांतून ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे दिसले आणि आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताची जगभर चर्चा सुरू झाली. ही काय भानगड आहे हे सामान्य वाचकांना कळावे म्हणून साहांनी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ दैनिकात लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी सापेक्षतेवरच्या मूळ जर्मन लेखांचा इंग्रजी अनुवाद केला आणि विद्यापीठाने तो पुस्तकरूपाने काढला. जर्मन येत नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ते दार उघडले.

१९२० मध्ये साहांनी त्यांचे सर्वात मोठे काम केले. तेव्हा त्यांचे वय होते २६. ते काम नीट समजून घेऊ.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा मिळतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, जणू त्याच्या बोटांचे ठसे. अडचण अशी होती की काही ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसत, काहींत कॅल्शियमच्या, काहींत भलत्याच. मग तारे वेगवेगळ्या मालाचे बनले आहेत का?

साहांनी सांगितले की फरक मुख्यतः तापमानाचा आहे. पाणी तापले की वाफ सुटते, तसा वायू फार तापला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेषा बदलतात. दाब कमी असेल तर इलेक्ट्रॉन आणखी सहज सुटतो. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी म्हणून पाणी इस्लामपूरपेक्षा कमी तापमानाला उकळते, तसेच हे. किती तापमानाला, किती दाबाखाली, कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील याचे समीकरण त्यांनी मांडले. आता प्रकाश पाहून ताऱ्याचे तापमान काढता येऊ लागले.

हे समीकरण तपासताही येत होते. रुबिडियम हा धातू तोवर सूर्यप्रकाशात दिसला नव्हता. पण सूर्यावरचे डाग तुलनेने थंड असतात, तिथे तो दिसायला हवा, असे भाकीत साहांनी केले. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ रसेल यांनी शोधले आणि तो सापडला. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असतात हे दाखवले.

विश्वाच्या सुरुवातीची गोष्टही या समीकरणाशिवाय पुरी होत नाही. सुरुवातीचे विश्व इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि धुक्यात अडकावा तसा प्रकाश त्यांच्यात अडकत होता. विश्व पसरत गेले, निवत गेले. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० अंशांच्या आसपास आले, इलेक्ट्रॉन अणूंत बसले आणि प्रकाश मोकळा झाला. तो प्रकाश आजही सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो. त्याचा शोध १९६५ मध्ये लागला. तो पाहायला साहा नव्हते, पण हा क्षण साधारण केव्हा आला असेल याचा पहिला हिशेब आजही त्यांच्या समीकरणाने करतात.

१९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षे ते अलाहाबाद विद्यापीठात होते. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. जानेवारी १९३४ मध्ये मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तिचे अध्यक्ष साहा होते. त्यांच्या भाषणाचा विषय होता विश्वरचनेचे मूलभूत प्रश्न. त्याच भाषणात त्यांनी भारतातल्या नद्यांचे पूर आणि त्यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेची गरज हाही विषय काढला. आकाशगंगेवर बोलणाऱ्या माणसाला पुराचे पाणी माहीत होते. तो पूरग्रस्त मुलखात वाढला होता आणि १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरात मदतकार्यात उतरला होता. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-वारणेचे पाणी घरात शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना यात काही विसंगत वाटणार नाही.

इथेच साहांची वाट बाबासाहेबांच्या वाटेला येऊन मिळते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. चौकशी समितीत साहा होते आणि संपूर्ण खोऱ्याचे एकत्र नियोजन करा, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते बाबासाहेबांकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेणाऱ्या बैठका त्यांनी घेतल्या. १९४८ मध्ये कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. जातीचा अपमान सोसलेले दोन विद्वान एकाच नदीच्या प्रश्नावर काम करत होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ढाक्याच्या एका वकिलाने साहांना त्यांच्या संशोधनाबद्दल विचारले. साहा उत्साहाने सांगू लागले. प्रत्येक शोधावर वकीलसाहेबांचे एकच पालुपद, यात नवे काही नाही, हे सगळे वेदांत आहे. शेवटी साहांनी वेदांतली नेमकी जागा विचारली. तेव्हा कळले की वकीलसाहेबांनी वेद वाचलेलेच नव्हते. हा प्रसंग साहांनी १९३९ मध्ये एका बंगाली मासिकात लिहिला आणि वाद पेटला. टीकाकारांना उत्तर देताना त्यांनी जुने ग्रंथ स्वतः वाचून काढल्याचे सांगितले. आधी वाचले, मग नाकारले.

पंचांगाबाबतही तेच. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी नेमलेल्या कालगणना सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. आकाशात उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, पंचांगात मात्र मकरसंक्रांत १४ जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो आणि हा फरक शतकानुशतके साठत जातो. ज्या पंचांगावर लग्ने अडतात, तेच आकाशाच्या मागे पडले आहे, हे समितीने हिशेबाने दाखवले. समितीच्या शिफारशीवरून आलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. सणांची पंचांगे मात्र होती तिथेच राहिली.

साहा त्याआधीच गेले होते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे चालत जाताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले.

मित्रांनो, वेदांत सगळे आहे म्हणणाऱ्याला त्रिपिटकात सगळे आहे हे उत्तर नव्हे. ते त्या वकिलाचेच पालुपद, फक्त ग्रंथ बदललेला. जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, हे प्रश्न मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा तथागतांनी ते बाजूला ठेवले आणि बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. आधी दुःख दूर करा, हा त्यांचा रोख होता. जे त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या नावावर खपवणे हा त्यांचा सन्मान होत नाही. त्यांनी तपासून घ्यायला शिकवले, ते करू.

त्या मुलाने ती पोस्ट पुढे पाठवली नाही. पुढच्या रविवारी विहारात त्याने आम्हाला वर्णपट समजावून सांगितला, जुन्या सीडीवर पडलेले बल्बचे रंग दाखवून. शिष्यवृत्ती थकलेली, वसतिगृहात टोमणे ऐकणारी अशी कितीतरी मुले आपल्या वस्त्यांत आहेत. साहांची जयंती-पुण्यतिथी करायची तर अशा एका मुलाच्या हातात भौतिकशास्त्राचे पुस्तक द्या.

जयभीम.