कॅसाग्रांडे आणि आमच्या गावची वाळू

आधीच सांगून टाकते, माझं बारावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मराठी विभागात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या झाले, कलाम झाले. मी जे नाव निवडलंय ते आम्ही सिव्हिलवाले प्रॅक्टिकलच्या दिवशी दहा वेळा घेतो, पण तो माणूस कोण होता हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. आर्थर कॅसाग्रांडे. सॉइल लॅबमधला तो पितळी कप आणि बाजूचं हँडल, ते यांचं.

मला त्यांची ओळख झाली ती एका चोरीमुळे. चोरी मीच केली होती.

झालं असं, की थर्ड इयरला सरांनी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीतून येताना प्रत्येकाने आपापल्या गावची माती आणायची. सोलापूर-लातूरकडच्या मुलांनी काळी माती आणली, नगरच्या एकाने मुरूम आणला. माझं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्राला लागून. आमची माडाची बाग आहे ती सगळी पुळणीत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सपाट वाळूच्या पट्ट्यात. मी तिथलीच पिशवीभर वाळू आणली. हॉस्टेलवर रूममेटने विचारलंसुद्धा, की ही सॅम्पल आहे की तू बीचवर जाऊन आलीस त्याचा पुरावा?

लॅबमध्ये सगळ्यांना लिक्विड लिमिटची टेस्ट होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती पाण्यात कालवायची, कपात थापायची, मधोमध खाच पाडायची आणि हँडल फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला कप १ सेंटिमीटर उचलला जातो आणि खाली आपटतो. २५ ठोक्यांना खाचेच्या दोन्ही बाजू तळाशी साधारण १२ मिलिमीटर लांबीवर एकत्र आल्या, की त्या मातीत जितके टक्के पाणी आहे ते तिचं लिक्विड लिमिट. काळी मातीवाल्यांचं छान चाललं होतं. माझ्या वाळूत खाचच पडेना. पाडायला गेले की कडा फाटायच्या. कशीबशी पडली तर दोन-तीन ठोक्यांत सगळा गोळा कपात घसरून खाली यायचा आणि वर पाणी सुटायचं. दीड तास गेला. बाकीच्यांचे ग्राफ झाले, मेसची वेळ झाली. मग मी सरळ ग्राफ पेपरवर पट्टीने रेघ मारली आणि त्या रेघेवरून उलटे आकडे काढले. चार रीडिंग, उत्तर २४ टक्के. एकदम सुबक.

पुढच्या आठवड्यात सरांनी जर्नल पाहिलं. काही बोलले नाहीत. कप पुढे सरकवला आणि म्हणाले, एक रीडिंग माझ्यासमोर घेऊन दाखव. माझ्या हाताला घाम फुटला. वाळूने जे करायचं तेच केलं. सरांनी ओरडण्याऐवजी एवढंच सांगितलं, की हे यंत्र बनवणाऱ्या माणसाबद्दल वाचून ये, मग जर्नलचं पाहू. म्हणून मी लायब्ररीत गेले.

कॅसाग्रांडे यांचा जन्म २८ ऑगस्ट १९०२ चा. गाव हायडनशाफ्ट, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, आज स्लोव्हेनियात, आयदोवश्चिना या नावाने. शाळेची काही वर्षं लिंझला गेली, काही त्रिएस्त या बंदराच्या गावी. पहिल्या महायुद्धानंतर ते साम्राज्यच संपलं. १९२४ मध्ये व्हिएन्नाहून ते सिव्हिल इंजिनिअर झाले आणि तिथेच हायड्रॉलिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले. त्याच वर्षी वडील वारले आणि घरची जबाबदारी अंगावर आली. देशात मोठी कामं निघत नव्हती. १९२६ साली त्यांनी अमेरिकेची वाट धरली. तेव्हा वय २३. पोटासाठी आधी एका स्टील कंपनीत ड्राफ्ट्समनचं काम केलं. मग नोकरी शोधत ते बोस्टनजवळच्या एमआयटीत पोचले आणि तिथे त्यांना कार्ल टेरझागी भेटले. टेरझागी म्हणजे सॉइल मेकॅनिक्सचे जनक, तेही ऑस्ट्रियातलेच, आदल्याच वर्षी तिथे आलेले. त्यांनी या तरुणाला आपला असिस्टंट करून घेतलं.

तेव्हा अमेरिकेच्या रस्ते खात्याला एक साधा प्रश्न पडला होता. एकाच पद्धतीने बांधलेला रस्ता एका मातीवर टिकतो आणि दुसरीवर उखडतो, असं का? मातीला नावं होती, पण ती शेतीसाठी केलेली. वाळू किती, गाळ किती, चिकणमाती किती, एवढं मोजून नाव द्यायचं. मातीच्या कन्सिस्टन्सीच्या मर्यादा स्वीडनचे केमिस्ट अॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये मांडल्या होत्या. पण त्यांच्या पद्धतीत भांडं हातानेच आपटायचं. आता हात प्रत्येकाचा वेगळा. एकाचा ठोका हलका, दुसऱ्याचा जोरात. माती तीच, उत्तरं दोन. कॅसाग्रांडे यांनी हाताच्या जागी कॅम बसवला. ठोक्याची उंची ठरली, वेग ठरला, खाच पाडायचं हत्यार ठरलं. १९३२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणजे जे यंत्र माणसाच्या हाताची लबाडी काढायला बनवलं, त्याच्याच नावावर मी लबाडी केली होती. हे वाचलं तेव्हा मला खरंच कसंतरी झालं.

१९३२ मध्येच ते हार्वर्डला शिकवायला गेले. १९३६ साली त्यांनी तिथे सॉइल मेकॅनिक्सची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. वय किती, तर ३३. फ्लो नेट, प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर, आमच्या सिलॅबसमधले निम्मे ग्राफ त्याच काळातले. १९३८ मध्ये टेरझागींना ऑस्ट्रिया सोडावा लागला. तेव्हा ते हार्वर्डला आले, ज्या विभागात त्यांचा एके काळचा असिस्टंट आधीच शिकवत होता.

वाळूवरचं त्यांचं काम मला सर्वांत जवळचं वाटलं, कारण उघड आहे. १९३६ मध्ये त्यांनी दाखवलं, की वाळूवर जोर आला की सैल वाळू दबते आणि घट्ट बसलेली वाळू उलट फुगते. दोन्हींच्या मध्ये एक स्थिती असते, तिला क्रिटिकल व्हॉइड रेशो म्हणतात. ऐकायला पुस्तकी वाटतं, पण किनाऱ्यावर पाणी हातभर खाली असतं. पाण्याने भरलेली सैल वाळू एकदम दबायला लागली आणि पाण्याला निघून जायला वेळ मिळाला नाही, तर सगळा भार पाण्यावर येतो. कण एकमेकांना धरत नाहीत आणि जमीन पातळ होते. १९६४ साली जपानमधल्या नीगाता या किनाऱ्यावरच्या शहरात भूकंप झाला, तेव्हा चार मजली इमारती न मोडता, अख्ख्याच्या अख्ख्या आडव्या कलल्या. वाळूनेच पाय सोडला होता.

मग दुसरं महायुद्ध. सैन्याला जगभर घाईघाईत विमानतळ बांधायचे होते. प्रत्येक ठिकाणी लॅब कुठून आणणार? कॅसाग्रांडे यांनी १९४२ मध्ये विमानतळांसाठी मातीचं नवं वर्गीकरण केलं आणि शेकडो अधिकाऱ्यांना ते शिकवलं. त्यात फक्त कणांचा आकार नव्हता, माती वागते कशी तेही होतं. नावं दोन अक्षरांची. शिवाय बरीचशी परीक्षा हाताने आणि डोळ्यांनी करता येणारी: बोटांत चोळून बघा, ओला गोळा तळहातावर हलवून बघा, वाळलेला खडा चुरून बघा. हीच पद्धत १९५२ साली सुधारून युनिफाइड क्लासिफिकेशन झाली. आपलं १९७० सालचं आयएस १४९८ तिच्यावरच उभं आहे. व्हायव्हासाठी लक्षात ठेवा, गाळाचं अक्षर एम आहे ते इंग्रजी नाही, स्वीडिश शब्दावरून घेतलंय.

आमची वाळू या पद्धतीत चाळली. निम्म्याहून जास्त भाग ७५ मायक्रॉनवर राहिला, म्हणजे जाड कणांची माती. त्यातला निम्म्याहून जास्त ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली गेला, म्हणजे वाळू, अक्षर एस. बारीक भाग ५ टक्क्यांच्या आत. युनिफॉर्मिटी कोइफिशंट ६ च्या वर हवा, तो जवळपासही नव्हता. म्हणून दुसरं अक्षर पी. एसपी, पुअरली ग्रेडेड सँड.

पुअर ग्रेड म्हटल्यावर वर्गात सगळे हसले. मला जरा लागलं, आमच्या बागेची वाळू ती! पण अर्थ एवढाच, की सगळे कण जवळपास एकाच मापाचे. लाटा आणि वारा वर्षानुवर्षं चाळणी लावत बसले, बारीक ते उडवून नेलं, जाड ते मागे ठेवलं. जिऑलॉजीवाले याच वाळूला वेल सॉर्टेड म्हणतात. माती तीच. मोठ्या कणांच्या फटी भरायला लहान कण नाहीत, म्हणून पाणी धरत नाही, पण निचरा उत्तम. हे माझ्या आजीला शाळेत न जाता ठाऊक आहे. ती माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पुरते आणि पाणी थोडं थोडं, पण रोज देते. एकदम दोन घागरी ओतून उपयोग नाही, खाली निघून जातं. मात्र एसपी या दोन अक्षरांत वाळू सैल आहे की घट्ट, हे येत नाही. ते जागेवर जाऊनच तपासावं लागतं. घर बांधणाऱ्याने नाव वाचून थांबू नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. १९५८ साली कॅसाग्रांडे यांनी आपल्याच यंत्रावर लेख लिहिला. तोवर जगभरच्या लॅबमध्ये तो कप पोचला होता. त्यांनी मान्य केलं, की ठोके मारल्याने सगळ्या माती सारख्या वागत नाहीत, काहींना हादरा जास्त लागतो, त्यामुळे तुलना पूर्ण न्याय्य होत नाही. यापेक्षा साधी, न हादरवणारी टेस्ट बरी. ज्या कपामुळे नाव झालं, त्याचा दोष त्यांनी स्वतः छापून ठेवला. आज आपल्या लॅबमध्ये बाजूला कोन पेनेट्रोमीटर असतो, ती तशीच न हादरवणारी टेस्ट.

पुढे मान भरपूर मिळाले. १९६१ मध्ये लंडनचं पहिलं रँकिन व्याख्यान त्यांचं झालं, त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय सोसायटीचे अध्यक्ष झाले. ६ सप्टेंबर १९८१ ला ते गेले. पण मला त्यांच्या चरित्रातलं १९५८ सालच सर्वांत मोठं वाटतं.

मी सरांकडे परत गेले आणि सरळ सांगितलं, की रीडिंग खोटी होती. ते पान फाडलं नाही, त्यावर फुली मारली. नव्या पानावर लिहिलं: खाच पडत नाही, गोळा घसरतो, माती नॉन-प्लास्टिक. इतकंच उत्तर होतं. दीड तास मी जे अपयश समजत होते, तोच रिझल्ट होता. सरांनी त्या टेस्टचे मार्क कापायचे ते कापलेच, पण सही केली.

मित्रमैत्रिणींनो, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये काय चालतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुणाला उपदेश करायला मोठी नाही. फक्त एवढंच, की पुढच्या वेळी रीडिंग येत नसेल तर एक मिनिट थांबा. कदाचित माती तुम्हाला खरंच काहीतरी सांगत असेल.