पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा नावाचे अभयारण्य आहे. त्याच्या कडेने शेते पसरली आहेत. रात्री रोही व रानडुकरे पिकांत शिरतात, म्हणून शेतकऱ्याला जागलीला जावे लागते. रानात गेलेल्या माणसाला कधी अस्वल आडवे येते. दिवसा ज्वारीच्या कणसांवर पाखरांचे थवे उतरतात आणि गोफणी फिरू लागतात. वन्य जीव माणसाचा शत्रू की मित्र, हा प्रश्न तेथे रोजचाच असतो. त्याचे उत्तर रागाने किंवा नुसत्या मायेने देऊ नये. आधी नीट पाहावे व मग बोलावे, ही शिकवण ज्यांच्या चरित्रातून मिळते, असे एक थोर पुरुष म्हणजे सलीम अली.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मामांनी त्यांचा सांभाळ केला. लहानग्या सलीमला शिकारीचा छंद होता. एके दिवशी त्याने हवेच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही चिमणी कोणती, ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या पक्ष्याची ओळख पटवून दिली आणि पेंढा भरून जतन केलेले नाना जातींचे पक्षी त्याला दाखविले. त्या दिवशी शिकाऱ्याच्या मनात अभ्यासक जागा झाला.

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. ब्रह्मदेशात त्यांनी काही वर्षे व्यवसाय केला. त्यात यश आले नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली. तेथून 1929 साली ते अधिक शिक्षणासाठी जर्मनीस गेले. परत येऊन पाहतात, तो त्यांची जागाच रद्द झालेली! परंतु ते खचले नाहीत. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले. घराजवळच सुगरणींनी घरटी बांधली होती. सलीम अली तासन्‌तास त्यांचे निरीक्षण करीत. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून घेते, तिला पसंत पडले तरच नर ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणू लागतो, हे त्यांनी टिपून ठेवले. कणसांवर बसणारी ही सुगरण पिलांना मात्र किडे भरविते. दाणे खाताना पाहून जिला आपण चोर ठरवितो, तीच पिकावरील कीड वेचते, हे बारकाईने पाहिल्यावाचून कळत नाही.

1931-32 साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. बुलढाण्याला लागून असलेला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. नंतर त्यांनी देशाचे अनेक भाग पालथे घातले. 1941 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने असंख्य वाचकांना पक्ष्यांची ओळख करून दिली.

पक्षी वाचवायचा तर त्याचे माळरान, पाणथळ आणि जंगलही वाचविले पाहिजे, असे ते आग्रहाने सांगत. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ टिकावे म्हणून त्यांनी मोठी खटपट केली. तेथे 1982 साली गुरे चारण्यास बंदी झाली. सलीम अलींचाही या बंदीस पाठिंबा होता. आसपासच्या गावकऱ्यांना मात्र ती फार जाचली. परंतु सोसायटीने तेथे अनेक वर्षे चालविलेल्या अभ्यासातून निराळेच दिसून आले. म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली. गावची गुरेही त्या पाणथळाचा एक घटक होती. मोठ्या माणसाचे मतसुद्धा निरीक्षणाच्या कसोटीवर घासून पाहावे लागते, हा सलीम अलींचाच मार्ग होता.

1976 साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. त्याच सुमारास मिळालेल्या एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कार्यास दिली. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ शेते, रस्ते व नद्या ओलांडीत ज्ञानगंगेच्या रानात येऊन पोहोचला. वन्य प्राण्यांना माणसाने आखलेल्या सीमा ठाऊक नसतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते आणि प्राण्याची भूकही खरी असते. दोघांनाही एकाच भूमीवर नांदावयाचे आहे. म्हणून दोघांचेही जीवन धीराने पाहून, समजून घेऊन मगच निर्णय करावा, हाच सलीम अलींच्या आयुष्याचा बोध होय.